हॅनाचं माहेर

लोक विचारतात, "वहिनी, तुम्ही करता काय नक्की?" मी खरं सांगितलं की हसतात. धामापूरच्या तळ्याजवळ, मागीलदारी कोकमासाठी रातांब्याची सालं वाळत घातलेल्या घरात बसून ही बाई अमेरिकेतल्या लोकांचे पणजोबा शोधते! शेजारणीने तर गावभर सांगून टाकलं होतं की मी हरवलेली माणसं शोधते. मग काय, एक गृहस्थ घरातून निघून गेलेल्या भावाचा फोटो घेऊन दारात हजर. त्यांना बसवलं, चहा दिला आणि सांगितलं, "भाऊ, तुमचा भाऊ देवाच्या दयेने जिवंत असेल. मला फक्त मेलेली माणसं सापडतात." बिचारे अर्धा चहा ठेवूनच उठले.

धंदा मी शिकले कुडाळला, एका वकिलांकडे. टायपिस्ट म्हणून लागले आणि वारसतपासात अडकले. आमच्या भागात जमीन विकायची म्हणजे सातबाऱ्यावरची माणसं गोळा करणं आलं. अर्धी वारलेली, उरलेली गिरगाव नाहीतर दादरला, आणि तीही एकमेकांशी न बोलणारी. कोण कोणाचा मुलगा, कोण दत्तक गेला, कोणाचा वंश खुंटला, हे सगळं जुळवून वंशावळ उभी करायची. एकदा एक शेतकरी आले. म्हणाले, वंशावळ करून द्या, पण आत्या घालू नका.

"का?" मी विचारलं.

"त्यो गेल्यो."

"अरेरे. कधी वारल्या?"

"वारूक कित्याक होयो? कणकवलीक आसत. लग्न होऊन गेल्यो."

असले नमुने! वकीलसाहेब हसत राहिले, पण मला काही हसू आलं नाही. मी स्वतः खारेपाटणहून लग्न होऊन धामापूरला 'गेलेली'. खारेपाटणच्या सुनंदाची इथे मानसी झाली. तांदळाच्या ताटात नवऱ्याने अंगठीने नाव लिहिलं आणि सुनंदा संपली. माझ्या शाळेच्या दाखल्यावरची मुलगी आणि माझ्या रेशनकार्डावरची बाई एकच आहे, हे एका कागदावरून कोणाला कळणार नाही.

पुढे वकीलसाहेबांनी काम आवरतं घेतलं. पुण्यातली एक कंपनी अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांना त्यांच्या घराण्याचा इतिहास शोधून द्यायची, तिथे माझी वर्णी लागली. तिकडच्या जुन्या खानेसुमाऱ्या, चर्चमधल्या लग्नांच्या नोंदी, मृत्युपत्रं, थडग्यांचे फोटो, सगळं आता संगणकावर दिसतं. आमचं काम ऐकायला फार मोठं वाटतं, पण आहे एवढंच: या गावात दिसलेला माणूस आणि त्या गावात दिसलेला माणूस एकच आहे, किंवा नाही, हे पुराव्याने दाखवायचं. पुरुषांचं सोपं असतं. बाई मध्येच नाहीशी होते आणि दुसऱ्याच आडनावाने भलतीकडे उगवते. बायका शोधण्यात माझा हात चांगला आहे, हे मी मानभावीपणा न करता सांगते. पुण्याहून अवघड बायका माझ्याचकडे यायच्या.

तशीच आली हॅना.

हॅनाला शोधणारी होती रूथबाई. ऐंशी उलटलेली, ओरेगनमध्ये एकटी राहणारी. आयुष्यभर शाळेची बस चालवलेली, त्यामुळे बोलताना मागच्या बाकावरच्या पोराला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायची. आमची ओळख व्हिडिओवर. तिच्याकडे संध्याकाळ, माझ्याकडे सकाळ. हॅना तिची पणजी, असं घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेले. दीडेकशे वर्षांपूर्वी पूर्वेकडची माणसं बैल जुंपलेल्या छपराच्या गाड्यांतून अर्धा देश ओलांडून पश्चिमेला नवी जमीन कसायला गेली, त्यातली ही एक. गाडीत पिठाची पोती आणि अवजारं, म्हणून बायामाणसं बहुतेक वाट चालतच गेली. रूथबाईच्या लहानपणी तिची आजी तिचा हात धरून शेताच्या बांधावर न्यायची. तिथे एक दगड होता. त्यावर नुसतं 'हॅना' आणि खाली 'अमक्याची बायको' एवढंच. आजी फुलं ठेवायची. आजीनंतर रूथबाई ठेवत आली.

आता तिथून मोठा रस्ता जाणार होता. थडगं हलवायचं ठरलेलं. तिथल्या कचेरीने जाहीर केलं होतं की रक्ताचा जवळचा वारस पुराव्यानिशी पुढे आला तर तो सांगेल तिथे हाडं पुरू, नाहीतर बेवारसांच्या सामाईक जागेत. मुदत महिनाअखेरची. रूथबाईला हॅनाला गावच्या दफनभूमीत न्यायचं होतं, नवऱ्याशेजारी. नवरा तिथे होता. त्याच्या एका बाजूला जागा मोकळी होती, आणि दुसऱ्या बाजूला अक्षरं झिजलेला एक दगड, तो त्याच्या बहिणीचा असावा असं घरात समजत.

"मला फक्त तुझा एक कागद हवा आहे," रूथबाई म्हणाली, "की मी तिची पणती आहे. एवढं सोपं काम तुला कधी मिळालं नसेल."

खरंच सोपं वाटलं. केंटकीत हॅनाचं लग्न सापडलं. पुढे ओरेगनच्या खानेसुमारीत नवरा सापडला, तोच, वय, धंदा, सगळं जुळणारा. त्याच्या घरात बायको होती, तिचं नाव मार्था. धाकटी मुलगी हॅना, म्हणजे रूथबाईची आजी. मी बायकोच्या नावापुढे बरोबरची खूण केली आणि पुढे गेले. तिकडेही पाळण्यातलं एक आणि हाकेचं एक नाव असतं, मेरीची पॉली होते, मार्थाची पॅटी होते, हे मला माहीत होतं. आणि आत कुठेतरी, सुनंदाची मानसी झालेल्या बाईला हॅनाची मार्था झाली याचं काही वाटलंच नाही! लग्न झालं, नाव बदललं. माझ्या जागी एखादी अमेरिकन पोरगी असती तर तिने असं केलं नसतं. मार्थाचं वय थोडं कमी पडत होतं, पण खानेसुमारीवाल्याला खरं वय सांगणारी बाई मी अजून पाहिली नाही.

कागद पाठवायच्या दिवशी सासूबाई रातांबे फोडत बसल्या होत्या. नव्वदीच्या घरात असूनही हात थांबत नाहीत. माझ्या कामातल्या बायकांच्या गोष्टी त्यांना ऐकायला आवडतात, आणि कोणाही बाईबद्दल त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला.

"माहेर खंयचा तिचा?"

"केंटकी म्हणून मुलूख आहे, आई. लांब आहे तिथून. चालत आली नवऱ्याबरोबर."

"चलत? गो बाय माझ्ये! आणि माहेरचा कोणूच नाय वांगडा?"

सोबत माहेरचं कोणी दिसतं का, याची सहज खात्री करावी म्हणून मी खानेसुमारीचं पान पुन्हा उघडलं. प्रत्येकाच्या नावापुढे जन्म कुठला ते असतं. हॅना लग्नात केंटकीची. आणि मार्थापुढे लिहिलं होतं, आयर्लंड.

वय कमी सांगणारी बाई मी रोज बघते, पण माहेर बदलून सांगणारी अजून भेटली नव्हती. दोन दिवस धुंडाळल्यावर ओरेगनमधल्या एका चर्चच्या नोंदीत लग्न सापडलं. तोच नवरा, 'विधुर' असं लिहिलेला, आणि नवरी मार्था. म्हणजे हॅना पोचली आणि गेली. तिला मूलबाळ असल्याचं कुठेच दिसेना. मार्था दुसरेपणावर आलेली. रूथबाई मार्थाची पणती होती आणि हॅनाशी तिचं रक्ताचं नातं शून्य.

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. रोज सकाळी रूथबाईचा निरोप: "झालं का? कचेरीतला माणूस विचारतोय." मी लिहायची, "एक नोंद तपासते आहे." वारा सुटला की लाईट जायची, इंटरनेट जायचं, आणि लाज वाटते सांगायला, पण बरं वाटायचं. पुण्याचे साहेब म्हणत होते, गिऱ्हाईक थांबलंय, पाठवा. पाठवणं कठीण नव्हतंच. हॅना ऊर्फ मार्था असं लिहिलं असतं तर त्या कचेरीतल्या कोणी आयर्लंड आणि केंटकीचा हिशेब मांडला असता? रूथबाईला हॅना मिळाली असती, हॅनाला जागा मिळाली असती. आणि खरं लिहिलं तर जन्मभर फुलं वाहणारी एकुलती एक म्हातारी बाजूला व्हायची आणि हॅना बेवारसांत जायची. हे मी माझ्या हाताने करायचं!

पण दोघींची एक करायची म्हणजे मार्था पुसायची. ज्या बाईने पोरं काढली, वाढवली, ती कधी नव्हतीच असं माझ्या सहीने लिहायचं. कणकवलीच्या आत्या मला आठवत होत्या. हात धजेना.

शेवटी एका सकाळी मी रूथबाईला सगळं सांगितलं. कागद पडद्यावर दाखवले. तिने ते पडद्याला नाक लावून वाचले. मग तिचा चेहरा लाल झाला.

"तू कधी पाहिला आहेस तो दगड?"

"नाही."

"मी पाच वर्षांची असल्यापासून बघते आहे. तू जगाच्या दुसऱ्या टोकाला बसून मला सांगतेस की ती माझी कोणी नाही?"

"रूथ, कागद असं म्हणतात..."

"खड्ड्यात गेले तुझे कागद." आणि पडदा काळा.

दुपारी पुण्याहून फोन. तिने तक्रार केली होती, दुसरा माणूस द्या म्हणून. साहेब चांगले होते, ओरडले नाहीत, पण काम माझ्याकडून काढून घेतलं. मुदतीला आठवडाही राहिला नव्हता. दुसरा माणूस कागद उघडेपर्यंत ती संपली असती. मला जेवण जाईना. मी खरं बोलले होते आणि त्याचा उपयोग फक्त एवढाच झाला होता की आता हॅनाला कोणीच नव्हतं.

तेव्हा मला सासूबाईंचा प्रश्न पुन्हा टोचायला लागला. सासरी कोणी नाही, मग माहेरी? आमच्याकडे बाईचं सासरी काही चुकलं की पहिला माणूस माहेरचाच धावतो. हॅनाला एक भाऊ होता, केंटकीतच राहिलेला. काम माझं नव्हतं, पैसे मिळणार नव्हते, तरी मी त्याच्या मागे लागले. भावाचा मुलगा, त्याचा मुलगा, असं खाली उतरत उतरत एका जिवंत माणसापर्यंत पोचले. वेन नावाचा, साठीचा, केंटकीतच टायरचं दुकान चालवणारा. दुकानाचा नंबर पाटीच्या फोटोवर होता. कंपनीचा नियम असा की परक्या माणसाला आपण परस्पर फोन करायचा नाही. मी केला.

"नमस्कार, मी भारतातून बोलते आहे. तुमच्या घराण्यातल्या एका बाईच्या हाडांबद्दल..."

पुढे त्याने जे ऐकवलं ते दिवाळीच्या अंकात छापण्याजोगं नाही. फोनवरून लोकांना लुबाडणारी टोळी समजला तो मला. दोष तरी काय द्यायचा? त्याच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. पुन्हा केला तर त्याने उचललाच नाही. रूथबाई बोलत नाही, वेन उचलत नाही, आणि वर आभाळ भरून यायला लागलेलं. मी खुर्चीत बसल्या बसल्या रडले. इतक्या वर्षांत कामासाठी पहिल्यांदाच.

सासूबाई हात पुसत आल्या. "काय झाला गो तुका? जेवक नाय, खावक नाय. कोण मेला?"

"एक मेलेलीच आहे, आई. तिला ठेवायला जागा नाही." मी सगळं सांगितलं. पहिली, दुसरी, दुसरीची पणती.

माझ्या सासूबाईही दुसरेपणावर दिलेल्या. पहिलीच्या नावाचा छोटा सोन्याचा टाक त्यांच्या गळ्यात मंगळसूत्राशेजारी असतो. आमच्याकडे काही घरांत तशी रीत आहे, मेलेल्या सवतीला मान म्हणून. लग्न होऊन आल्यापासून मी तो बघते, पण त्याबद्दल त्यांना कधी काही विचारलं नव्हतं. सवतीची गोष्ट सासूला कोण विचारणार?

त्या खाली बसल्या. "मी ह्या घरात इलंय तेव्हा सगळा तयार होता. चूल तिची, भांडी तिची, घोव पण तिचोच. माका काय्येक नवा घेवक लागला नाय. माका रोज वाटायचा, मी कोणाच्या तरी घरात शिरलंय. मगे पोटुशी रवलंय तेव्हा भगवतीकडे कौल लायलो, चेडू झाला तर तिचा नाव ठेवू काय म्हणान. देवीन उजवो दिलो, म्हणजे होय. चेडू झाला, त्याका तिचाच नाव ठेवला. इंदू. नावान तरी ती घरात रवली."

इंदू म्हणजे माझी नणंद. इतकी वर्षं मी तिला इंदूताई म्हणते आणि ते नाव कोणाचं हे मला ठाऊक नव्हतं!

मी उठले ती सरळ संगणकापाशी. मार्थाची धाकटी मुलगी हॅना. मी ते आधीही पाहिलं होतं, आणि आईचं नाव मुलीला ठेवतात तिकडे, म्हणून सोडून दिलं होतं. आता मार्था वेगळी बाई होती. मग तिने आपल्या पोरीला सवतीचं नाव का ठेवलं? आणि ती पोरगी म्हातारपणी नातीचा हात धरून बांधावरच्या त्या दगडाशी फुलं घेऊन का जायची? तिला कोणी तिथे पहिल्यांदा नेलं असेल? आई सोडून कोण नेणार!

मी रूथबाईला निरोप लिहिला. अहवाल नाही, साधा निरोप. लिहिलं की तुझ्या आजीला हॅना हे नाव मार्थाने दिलं. असं का दिलं हे सांगणारा कागद माझ्याकडे नाही आणि मिळणारही नाही, पण माझ्या घरात एक म्हातारी आहे, तिने हेच केलं आहे. मग सासूबाईंचं बोलणं जमेल तसं इंग्रजीत उतरवलं. शेवटी वेनचा नंबर दिला आणि लिहिलं: हा हॅनाच्या माहेरचा. माझं ऐकत नाही, तुझं ऐकेल.

दोन दिवस काही नाही. फोन वाजला की मी धावायची. दुधवाल्याचा असायचा.

तिसऱ्या सकाळी पडद्यावर रूथबाई. डोळे सुजलेले. माफी वगैरे मागितली नाही, तो तिचा स्वभाव नव्हे. म्हणाली, "तुझ्या सासूला विचार, तिला कधी त्या पहिलीचा राग आला का?"

मी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "इलो तर. खूप इलो. रागानच लक्षात रवली ती."

मी तसंच सांगितलं. रूथबाई मोठ्याने हसली, आणि हसता हसताच रडायला लागली. मग म्हणाली, "तो टायरवाला फार हट्टी आहे." तिने त्याला तीनदा फोन केला होता. दोनदा त्याने आपटला. तिसऱ्यांदा तिने हाडांचं नाव काढलंच नाही, जुन्या बसच्या मागच्या टायरांबद्दल बोलत राहिली. त्यावर तो बोलला. बोलता बोलता त्याने आपल्या काकूला विचारलं, आणि काकूला पश्चिमेला गेलेल्या आणि परत कधी पत्र न आलेल्या एका मुलीची गोष्ट ठाऊक होती. त्यांच्या घरात समजत होते की ती श्रीमंत झाली आणि सगळ्यांना विसरली.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी त्याने लिहून दिलं: ही माझ्या घराण्यातली बाई, मला तिचं काही माहीत नाही, रूथ सांगेल तिथे ठेवा. त्याला मी जुळवलेली भावाकडची वंशावळ जोडली, आणि कचेरीने ते मान्य केलं. ते ऐकून मी स्वयंपाकघरात जाऊन सकाळचा थंडगार भात तसाच खाल्ला. भूक इतके दिवस कुठे गेली होती कोण जाणे.

हॅनाला हलवलं त्या दिवशी रूथबाईने फोन लावून ठेवला. तिच्याकडे संध्याकाळचं लांब ऊन होतं, आमच्याकडे नुकतं उजाडलेलं. मी फोन सासूबाईंच्या पुढ्यात धरला. माणसं फार नव्हती. कचेरीचे दोघं, एक पाद्री, आणि काठी टेकत उभी रूथबाई. वेन आला नव्हता. मधल्या दगडावर नवऱ्याचं नाव, डावीकडे अक्षरं झिजलेला तो दगड, जो मार्थाचा असणार हे आता कळलं होतं, उजवीकडे उघडलेला खड्डा. एक छोटी लाकडी पेटी त्यात उतरवली. एवढी छोटी, की सासूबाईंनी मला दोनदा विचारलं, "ह्यातच आसा मा ती?"

रूथबाई वाकायला गेली. गुडघे ऐकेनात. कचेरीचा माणूस तिला धरायला पुढे झाला तर तिने त्याचा हात झटकला आणि स्वतःच खाली बसली. मातीची मूठ टाकली. मग काठी टेकत उठली, पणजोबाच्या दगडाला वळसा घालून मार्थाच्या दगडापाशी गेली आणि त्यावर हात ठेवला.

सासूबाईंनी डोळे बारीक करून फोन जवळ ओढला. "ती म्हातारी कोण गो तिची?"

सगळी हयात मी कोण कोणाचं हे सांगण्यात घालवली. हॅनापासून रूथबाईपर्यंत एकही रेघ माझ्या कागदावर जात नव्हती. तेवढं एकच नातं मला ठाऊक होतं, ते मी सांगितलं.

"सवतीची पणती, आई."

"म्हणजे तिचीच गो," सासूबाई म्हणाल्या.